सफरचंद पिकतं कशानं आणि लाल होतं कशानं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गेवराईजवळ हरिमन ९९ या उष्ण भागात येणाऱ्या सफरचंदाची साठ झाडं, लागवडीला तीन वर्षं झाली. यंदा जूनमध्ये पहिल्यांदा विकण्याजोगा माल निघाला. चव बरी, पण रंग पिवळट हिरवा आणि एका गालावर जेमतेम लाली. बीडच्या फळवाल्यानं हातात घेऊन "हा तर पेरूच दिसतोय" म्हणत क्रेट परत केलं. आता एक जण सांगतो, जपानसारख्या कागदी पिशव्या बांधा, फळ गुलाबी निघतं. दुसरा म्हणतो, पंधरा दिवस आणखी झाडावर ठेवा, पिकलं की लाल होईल. तिसऱ्यानं इथ्रेल, म्हणजे फळ पिकवायचं औषध, फवारायला सांगितलंय. कुणाचं ऐकावं?

तिघांचंही ऐकू नका, निदान जसंच्या तसं तरी. पिकणं ही एक गोष्ट आहे आणि लाल होणं ही दुसरी. बाजारात दोन्ही एकत्र दिसतात म्हणून आपण त्यांची गाठ मारून टाकलीय. मी बारा वर्षं शिमला जिल्ह्यात सफरचंदाच्या पॅकहाउसवर प्रतवारीचं काम केलं, आता अंबाजोगाईजवळ स्वतःच्या शेतात अ‍ॅना, डॉर्सेट गोल्डन आणि हरिमनची बावीस झाडं सांभाळतो. तिकडचा रंग रोज हाताळलाय, इकडचा न येणारा रंगही दरवर्षी बघतोय. म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

सालीत मुख्य रंग तीन. हिरवा म्हणजे हरितद्रव्य, पिवळा म्हणजे कॅरोटिनॉइड आणि लाल म्हणजे अँथोसायनिन. पहिले दोन पेशीतल्या बारीक कणांत बसलेले असतात, पाण्यात उतरत नाहीत. लाल रंग मात्र पेशीच्या आतल्या रसात विरघळलेला असतो. लाल सफरचंदाची सालं पाण्यात उकळून बघा, पाणी गुलाबी होतं, आणि लिंबू पिळलं की आणखी खुलतं. जांभूळ आणि डाळिंब याच घराण्यातले. सफरचंदात या लाल रंगाचा मोठा वाटा एकाच पदार्थाचा असतो, त्याचं नाव सायनिडिन गॅलॅक्टोसाइड. नाव विसरलात तरी चालेल, त्याच्या सवयी लक्षात ठेवा.

आता पिकणं. आंब्याला पाड लागतो तेव्हा काय होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. सफरचंदही त्याच जातीचं फळ. एका टप्प्याला आलं की स्वतःच इथिलीन वायू सोडायला लागतं, आणि त्या वायूनं पुढचं सगळं सुरू होतं. पिठूळ स्टार्चची साखर होते, आंबटपणा उतरतो, गर मऊ होतो, वास सुटतो आणि सालीतलं हरितद्रव्य मोडायला लागतं. हिरवा गेला की खाली दडलेला पिवळा दिसतो, कॅरोटिनॉइडही थोडे वाढतात. याला आम्ही तळरंग म्हणायचो. पिकण्याची खरी खूण हा तळरंग. गवती हिरव्याचा फिका हिरवा, फिक्याचा पिवळसर, पिवळसरचा लोण्यासारखा. देठाच्या खळग्यात आणि खालच्या, सावलीतल्या बाजूला तो नीट वाचता येतो.

या यादीत लाल कुठेच आलेला नाही. इथिलीन लाल रंगाला हातभार लावतं, पण एकटं काही करू शकत नाही. गोल्डन डेलिशियस पूर्ण पिकलं तरी पिवळंच राहतं. उलट हिमाचलात नवीन गडद लाल वाण आले, सुपर चीफ, स्कार्लेट स्पर वगैरे, ते पिकण्याच्या कितीतरी आधी लालभडक होतात. एका हंगामात आमच्याकडे असा लाल माल जुलैच्या सुरुवातीलाच येऊन पडला. कापून आयोडीन लावलं तर गर काळानिळा, म्हणजे नुसता स्टार्च. बागवान म्हणे, "साहेब, याहून लाल काय असतं?" तो माल दिल्लीला गेला, कच्चा म्हणून नाकारला गेला आणि भाव पडला. तिथं लाल फळ कच्चं होतं, तुमच्याकडे पिवळं फळ पिकलेलं आहे. गाठ मारल्याचा तोटा दोन्हीकडे सारखाच.

मग लाल येतो कशानं? मराठवाड्यातल्या माणसाला हे समजवायला कपाशीसारखं उदाहरण नाही. कपाशीवरचा लाल्या आपण सगळ्यांनी बघितलाय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री गार पडायला लागल्या, दिवसा ऊन लख्ख असलं, मॅग्नेशियम किंवा नत्र कमी पडलं की पान कडेकडेनं लालसर होत जातं. तो लाल म्हणजे अँथोसायनिनच. पानात साखर साठते, रात्रीचा पारा उतरतो, उन्हाचा मारा असतो आणि झाड लाल रंग बनवायला घेतं. कपाशीच्या पानात आपण त्याला विकृती म्हणतो आणि फवारणी करतो, सफरचंदाच्या सालीत त्याचेच पैसे मिळतात. सामग्री तीच: उजेड, साखर आणि गारवा.

उजेड का लागतो, तेही बघा. सालीच्या पेशीत लाल रंगाचा कारखाना चालू करणारं एक प्रथिन असतं, मायबी जातीचं. अंधारात दुसरं एक प्रथिन त्याला खुणावून मोडीत काढतं, त्यामुळे कारखाना बंद. साल उजेडात आली, विशेषतः निळा उजेड आणि अतिनील किरण पडले, की मोडणारं बाजूला होतं आणि मायबी टिकून कामाला लागतं. म्हणून पानाआड राहिलेल्या गालावर पानाचा अक्षरशः छाप उमटतो. चीन-जपानात फळावर स्टिकर चिकटवून अक्षरं उमटवतात, ती याच गुणावर.

आणि गारवा. पिकायला आलेल्या सफरचंदाला लाल रंगासाठी दिवसा २० ते २५ अंश आणि रात्री १५ च्या आसपास असं हवामान सगळ्यात मानवतं. पारा तिसाच्या वर राहायला लागला की तो मायबीच कमी बनतो, उजेड कितीही असो. वर तयार झालेला लालही उष्णतेत विरत जातो. आता आपलं गणित मांडा. हरिमन आपल्याकडे जानेवारीच्या शेवटी, फेब्रुवारीत फुलतं आणि मे अखेर ते जून पिकतं. मे महिन्यात गेवराईला दुपारी चाळीस-बेचाळीस, रात्री पंचवीसच्या वर. जूनमध्ये पाऊस पडून दिवसाचा पारा उतरला तरी रात्र काही गार होत नाही. रंगाचा कारखाना चालवायला याहून वाईट दोन महिने वर्षात शोधून सापडणार नाहीत.

तुम्ही आठवून बघा, मार्चमध्ये फळं बोराएवढी होती तेव्हा त्यांच्यावर लालसर झाक होती का? बहुतेक असणार. सफरचंदात लाल रंगाची एक लाट अगदी लहानपणी येते आणि दुसरी पिकताना. पहिली लाट आपल्या गार रात्रीत सापडते, दुसरी भट्टीत. माझ्याकडे एका झाडाला सप्टेंबरात अवेळी चार फुलं आली होती. त्यातलं एकच फळ टिकलं, ते जानेवारीत काढलं. त्याच झाडाच्या जूनच्या फळाशेजारी ठेवलं असतं तर कुणी एका वाणाचं म्हटलं नसतं, अर्धा गाल लाल. खत तेच, पाणी तेच, माणूस तोच.

हे फक्त सफरचंदाचं दुखणं नाही. जालन्याची आंबे बहाराची मोसंबी आत रसानं भरलेली असून बाहेरून हिरवीच राहते, कारण लिंबूवर्गीय फळाच्या सालीतला हिरवा जायलाही गार रात्री लागतात. मृग बहाराचं डाळिंब हिवाळ्यात येतं, दाणा लाल निघतो. तेच भगवा डाळिंब कडक उन्हाळ्यात काढलं तर दाणा फिका. रंगद्रव्यं वेगवेगळी, पण हवामान आडवं येतं ते असंच.

आता पिशवी. यात गैरसमज सगळ्यात जास्त आहे, आणि त्याला मोबाइलवर फिरणाऱ्या जपानी पिशव्यांच्या व्हिडिओंचा दोष नाही, ते खरेच आहेत. फक्त ते थंड प्रदेशातले आहेत.

जपानच्या आओमोरी भागात सफरचंदाला पिशव्या बांधायला लागले ते मुळात फळ पोखरणाऱ्या अळीपासून वाचवायला. नंतर लक्षात आलं की पिशवीतून काढलेलं फळ फार सुंदर रंगतं. मग फुजीसारख्या वाणासाठी खास दुहेरी पिशवी आली. बाहेरचा कागद आतून काळा, म्हणजे उजेड अजिबात नाही, आणि आत लाल मेणकागदाचा दुसरा थर. फूल झडल्यावर साधारण दीड-दोन महिन्यांत बांधायची आणि काढणीच्या महिनाभर आधी बाहेरचा थर काढायचा. आतला लाल थर आणखी तीन-पाच दिवस ठेवून मगच काढायचा. त्यानंतर फळाभोवतीची पानं खुडतात, फळ हातानं फिरवून दुसरी बाजू उन्हाला करतात, झाडाखाली चकचकीत कागद अंथरतात. हे सगळं ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या गारव्यात.

पिशवीत काय होतं, ते पैठणच्या विणकराला विचारलं तर चटकन सांगेल. रेशीम रंगवण्याआधी उकळून त्याचा डिंक आणि पिवळेपणा काढावा लागतो, नाहीतर रंग मळकट बसतो. पिशवी हे ते उकळणं. अंधारात सालीत हरितद्रव्य बनत नाही, कॅरोटिनॉइडही कमी राहतात, साल दुधी पांढरी होते, ठिपके बारीक राहतात, वरचा थर नाजूक राहतो. हिरव्या सालीवर लाल चढला तर विटकरी दिसतो, पिवळ्यावर केशरी आणि पांढऱ्यावर चढला तर गुलाबी. वर अंधारात वाढलेली साल उजेडाला फार हावरी असते. पिशवी निघाल्यावर तिच्यात लाल रंग आठ-दहा दिवसांत असा भराभर चढतो की उघड्यावर वाढलेल्या फळाला ते कधी जमत नाही. मुत्सू नावाचं जपानी सफरचंद एरवी हिरवट पिवळं असतं, पिशवीतून काढलं की गुलाबी होतं. इतकंच काय, हिरवं म्हणूनच विकलं जाणारं ग्रॅनी स्मिथसुद्धा पिशवी काढल्यावर लाली धरतं. म्हणजे लाल रंगाची तयारी त्याच्यातही असते, नेहमी ती उठत नाही इतकंच.

पण बघा, रंग पिशवीत आला का? नाही. पिशवीत फक्त कापड धुतलं गेलं. रंग आला तो पिशवी काढल्यावरच्या उजेडानं आणि गारव्यानं. तुम्ही मे महिन्यात पिशवी काढणार. उजेड आहे, भरपूर आहे. गारवा कुठून आणणार?

आणि तो उजेडही आपल्याकडे वैरी होतो. उन्हात लटकलेल्या सफरचंदाच्या सालीचं तापमान हवेपेक्षा दहा-पंधरा अंशांनी जास्त असतं. साल ४६ ते ४९ अंशांवर गेली की पिवळी-तांबूस भाजते, ५२ च्या आसपास दहा मिनिटंही पुष्कळ होतात, तिथं साल मरून काळी पडते. हे उघड्यावर तयार झालेल्या, सरावलेल्या फळाचं. अंधारात वाढलेल्या पांढऱ्या सालीला एवढंही लागत नाही. एकदम उन्हात आणली तर याहून कमी तापमानालाही ती पांढरी फटक पडते, मग तपकिरी होते. मी पहिल्या वर्षी हाच शहाणपणा केला होता. तपकिरी कागदाच्या पिशव्या बांधल्या, २० मेच्या सुमाराला सकाळी सगळ्या एकदम काढल्या आणि मजुरांना चहा पाजून गुलाबी रंगाची वाट बघत बसलो. तिसऱ्या दिवशी पश्चिमेकडच्या फळांवर रुपयाएवढे डाग. वाचलेली फळं नितळ, लोण्यासारखी पिवळी, पण गुलाबी एकही नाही.

नितळ मात्र होती, हे विसरू नका. पिशवीचा आपल्याकडचा खरा उपयोग तोच. फळमाशी, पोपट, धूळ, औषधाचे डाग, फांदीचं घासणं आणि मुख्य म्हणजे उन्हाचा चटका, या सगळ्यातून फळ वाचतं. केसर आंब्याला आपण पिशव्या घालतो तशाच घाला, त्याच अपेक्षेनं. पांढऱ्या एकेरी कागदाची पिशवी घ्या, आत काळा थर असलेली नको, प्लास्टिक तर नकोच. फळ लिंबाएवढं व्हायच्या आत बांधा. त्याआधी विरळणी करा, एका घोसाला एक फळ, फार तर दोन. बांधण्यापूर्वी कॅल्शियमचे दोन हात फवारा. पिशवीतल्या फळातून पाणी कमी उडतं, त्यामुळे पाण्याबरोबर येणारं कॅल्शियमही कमी पोचतं आणि गरात कडू तपकिरी ठिपके पडतात. बुरशीनाशक मारून फळ पूर्ण वाळू द्या, मगच पिशवी. ओल्या फळाला बांधली तर आत वेगळाच बाजार भरतो.

काढणी पिशवीसकट करा. थोडी लाली हवीच असेल तर हौस म्हणून पूर्वेकडची दहा फळं निवडा. पिशवीचा खालचा भाग फाडून तीन-चार दिवस तशीच राहू द्या, मग काढा, तीही पहिला चांगला पाऊस होऊन आभाळ भरलेलं असताना. कोवळ्या उन्हानं गालावर हलकी लाली येते. साठ झाडांचा खर्च मात्र त्या आशेवर करू नका.

एक गोष्ट तुमच्या त्या पहिल्या सल्लागाराला जरूर सांगा. जपानातच फुजी पिशवीविना वाढवून सॅन फुजी या नावानं विकतात. दिसायला ती कमी, पण गोडीला सरस मानतात. पिशवीतल्या फळाची साखर आणि वास बहुधा थोडे उतरतातच, कारण वास सालीतच जास्त असतो आणि साल तर आपण झाकून ठेवलेली.

इथ्रेलबद्दल. त्यातून इथिलीन सुटतं, म्हणजे पिकण्याची घाई होते. हिरवा लवकर जाईल, फळ लवकर पिवळं पडेल, गर लवकर भुसभुशीत होईल. गार हवामानात त्यानं लालीही वाढते, म्हणून डोंगरात काही जण मारतात. पण तिथंही फळ टिकत नाही आणि झाडावरून गळतं. चाळीस अंशांत त्याचा फक्त तोटा तुमच्या वाट्याला येईल. तोडलेली फळं इथ्रेलच्या पाण्यात बुडवणं तर नियमातच बसत नाही. कार्बाइडचं नावही नको, त्यावर बंदी आहे.

झाडावर पंधरा दिवस जास्त ठेवण्याचं उत्तर वर आलंच. त्या पंधरा दिवसांत रात्री गार होणार नाहीत. फळ मात्र पिठूळ होईल. कमी थंडीचे हे वाण आधीच टिकायला कच्चे, त्यात उशीर केला तर दाताखाली रवाळ पिठासारखं लागतं, आणि मग पेरू म्हणणाराही हात लावणार नाही.

त्यापेक्षा आयोडीनची सवय लावून घ्या. मेडिकलमधून साधं टिंक्चर आयोडीन आणा, पाण्यात पातळ करून चहाच्या रंगाचं करा. २० मेपासून दर चार दिवसांनी वेगवेगळ्या झाडांची पाच फळं आडवी कापा आणि कापलेल्या बाजूवर लावा. स्टार्च असेल तिथं काळानिळा होतो. आधी बियांच्या घराजवळचा भाग पांढरा राहायला लागतो, मग पांढरा बाहेर सरकत जातो. अर्ध्याहून अधिक चकती पांढरी, कडेला काळी झालर आणि तळरंग पिवळसर, हे दिसलं की तोडा. सगळी चकती पांढरी झाली म्हणजे उशीर झाला. कापलेली फळं टाकून द्या, खायची नाहीत, लेकरांनाही बजावा.

खताचं एकच सांगतो. मार्चनंतर युरिया थांबवा. नत्र जास्त झालं की पानं माजतात, फळ सावलीत जातं, हिरवा लवकर सुटत नाही, मग तळरंगही धड पिवळा होत नाही आणि फळ खरंच कच्च्या पेरूसारखं दिसतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोतली झाडं मला तशीच वाटतायत, फार हिरवीगार. झाडाचं पोट छाटणीनं मोकळं ठेवा, पण पश्चिमेची पानं खुडू नका, ती फळाची छत्री आहे. रंग येण्यासाठी म्हणून दुकानदार पोटॅशच्या आणि समुद्री शेवाळाच्या महागड्या बाटल्या दाखवतील. जमिनीत पालाश कमी असेल तर पालाश द्यावंच लागतं, पण रात्रीचा पारा बाटलीत भरून कुणी विकत नाही.

बिलासपूरच्या हरिमन शर्मांनी हा वाण काढला, त्यांना २०२५ मध्ये पद्मश्रीही मिळाली. त्यांच्याकडेही, खालच्या उष्ण भागात, फळ पिवळ्यावर लाल झाकेचंच येतं. रोपवाटिकेच्या जाहिरातीतला लालबुंद फोटो बघून आपण फसलो, वाण फसवा नाही. फळवाल्यालाही हेच सांगायचं. पुढच्या वर्षी क्रेटमध्ये भरताना नितळ, पिवळसर, एकसारख्या आकाराची फळं वेगळी काढा, हिरवट एकही मिसळू नका, आणि दुकानात चार फोडी कापून चाखायला द्या. मी अंबाजोगाईत दोन वर्षं असंच केलं. पहिल्या वर्षी लोक पेरूच म्हणाले. दुसऱ्या वर्षी एक मावशी येऊन म्हणाल्या, "ते पिवळं सफरचंद आलं का हो?"

तर पिशव्या घ्या, पांढऱ्या, आणि आधी वीस झाडांनाच बांधा. उरलेल्या चाळीस झाडांवर पश्चिमेकडून पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट उभी लावून बघा. मे संपताना दोन्हीकडची पाच-पाच फळं कापून आयोडीनच्या चकत्यांचे फोटो पाठवा, तोडणीची तारीख तेव्हाच ठरवू.